सासरे रोज साइटवर जाऊन बसतात, त्यांना थांबवू कसं?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी चाळिशीची, नोकरी करणारी सून आहे. विलेपार्ल्यातली त्यांची तळमजला अधिक तीन मजल्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली. २८ बिऱ्हाडं पांगली. हे कुटुंब दोन वर्षांपासून बोरिवलीत चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहतं. सासरे ७४ वर्षांचे, बेस्टमधून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी दहाच्या सुमारास स्लो लोकल पकडून पार्ल्याला जातात, साइटसमोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसतात, मधूनच समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढतात, डायरीत टिपणं करतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसाला पंधरा-वीस फोटो टाकतात. मे महिन्यात तिथेच त्यांना चक्कर आली. गेल्या महिन्यात साइट इंजिनिअरशी वाजलं, वॉचमनने गेटवर अडवलं आणि सेक्रेटरींचा नवऱ्याला फोन आला, ‘बाबांना जरा आवरा.’ नवरा म्हणतो, तूच सांग, ते तुझं ऐकतात. सासूबाई म्हणतात, ‘झालं की बघेन.’ सुनेचा प्रश्न: या वेडातून बाबांना बाहेर कसं काढायचं? पत्रासोबत बाबांच्या डायरीतल्या एका पानाचा फोटो आहे. खाली ‘तात्पुरता पत्ता: बोरिवली’ एवढीच सही.

*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. डायरीचं पान चारदा.

‘सातवा स्लॅब. पंप ११.४० ला चालू. गाड्या ९. शेवटची ४.१५. पाऊस ५.०५ ते ५.२५. प्लास्टिक टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी मारलं नाही. तिसऱ्या दिवशी ११ ला मारलं.’ खाली लाल पेनने रेघ.

कुठली बस किती वाजता सुटली, कुठली अडकली, कुणाला उशीर झाला, हे लिहिण्यात या गृहस्थांची अख्खी नोकरी गेली. आता बसच्या जागी काँक्रीटच्या गाड्या आल्यात, एवढाच फरक. तुम्ही याला वेड म्हणता. मला ती चालू असलेली ड्यूटी वाटते. आणि प्रामाणिकपणे सांगते, त्या साइटवरच्या पगारी सुपरवायझरच्या वहीत तरी इतकं नीट लिहिलेलं असेल का, मला शंका आहे.

मी इंजिनिअर नाही. पण आमच्या घराचाही पुनर्विकास झालेला असल्यामुळे थोडं कळतं. त्या पानात काय आहे ते बघा. काँक्रीटच्या एका गाडीत साधारण सहा घनमीटर माल येतो. नऊ गाड्या म्हणजे ५४ च्या आसपास. तुमच्या स्लॅबला एवढाच लागायला हवा का, हे आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या सळई-काँक्रीटचं डिझाइन करणारा इंजिनिअर, ड्रॉइंग बघून दोन मिनिटांत सांगेल. पावसाची वीस मिनिटं बहुधा मोठी गोष्ट नसावी. शेवटची गाडी येऊन पाऊण तास झाला होता आणि वरचा थर तोवर किती आवळला होता यावर ते अवलंबून आहे. पण पाण्याची नोंद मात्र महत्त्वाची. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवायचं ते उगाच नाही, त्या ओलाव्यातच सिमेंट ताकद धरतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित वगैरे सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा ठेवायला सांगितलंय. त्यातला पहिला अख्खा दिवस कोरडा गेला असेल तर विचारायलाच हवं.

विचारायचं कुणाला आणि कसं, इथे बाबांची गाडी चुकली.

ते गेटवर गेले आणि पंचविशीतल्या इंजिनिअरला, मजुरांसमोर, जाब विचारला. त्या पोराच्या जागी मी असते तरी चिडले असते. आणि वॉचमनने अडवलं त्यात उद्धटपणा काही नव्हता. सातव्या मजल्याचा स्लॅब म्हणजे कठडा नसलेली कड, वर आलेल्या सळया, डक्टची उघडी भोकं. ७४ वर्षांच्या माणसाचा पाय घसरला तर जबाबदारी ज्याच्या गळ्यात येणार तो अडवणारच. हेल्मेट आणि परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, या बाबतीत बाबांची बाजू घ्यायला मी तयार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. नवं घर बांधणं बिल्डरचं काम, आपण नुसती चावीची वाट बघायची, जो बघायला जातो तो लुडबुड करतो. गावाकडे घर बांधताना असं कुणी म्हणत नाही. तिथे मालक गवंड्याच्या डोक्यावर उभा असतो, चहा पाजतो, भांडतो, पाया खणताना नारळ फोडतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मुंबईत आपण मालकच आहोत, जमीन सोसायटीची आहे, तरी साइटच्या पत्र्याबाहेर उभं राहिलं की आपण आगंतुक. तो पत्राही आता उंच झालाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी पालिकेने नियम कडक केले, तेव्हापासून साइटभोवती २५ फूट, मोठा प्लॉट किंवा उंच इमारत असेल तर ३५ फूट पत्रा लागतो. धुळीसाठी हे चांगलंच आहे. पण ज्या खिडकीत आपण चाळीस वर्षं उभे राहिलो ती जागासुद्धा दिसेनाशी होते. बाबा समोरच्या गच्चीवर का चढतात, याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

मग करायचं काय? जाणं बंद करा असं सांगता येईल. एक आठवडा ऐकतील. मग ‘जरा बँकेत जाऊन येतो’ म्हणून निघतील आणि चक्कर आली तरी तुम्हाला सांगणार नाहीत. हे मी अंदाजाने बोलत नाही, आमच्याकडे ‘दाढीला जातो’ हे निमित्त होतं, आणि आठवड्यातून चार वेळा दाढी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाहीतर सगळं तसंच सोडूनही देता येईल, पण मग पुढचा फोन सेक्रेटरींचा नसेल, कदाचित पोलिसांचा किंवा हॉस्पिटलचा असेल.

म्हणून बाबांच्या या उद्योगाला रीतसर जागा मिळवून द्या. सोसायटीला अर्ज करा, तोही लेखी. व्हॉट्सअॅपवर केलेली तक्रार वाहून जाते, इनवर्ड नंबर पडलेला कागद राहतो. अर्जात मागणी अशी: सोसायटीने दोन किंवा तीन सभासदांची पाहणी समिती ठरावाने नेमावी. तिने महिन्यातून एकदा, सोसायटीच्या पीएमसीबरोबर (म्हणजे कामावर देखरेख करायला नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटबरोबर), ठरलेल्या दिवशी हेल्मेट घालून साइट बघावी आणि पाहिलं ते अर्ध्या पानात लिहून सर्व सभासदांना पाठवावं. त्या समितीत बाबांचं नाव सुचवा. पीएमसीला आपण, म्हणजे प्रकल्प, पैसे देतो ते याचसाठी. बऱ्याच सोसायट्यांत तो माणूस करार होईपर्यंत रोज दिसतो आणि खोदकाम सुरू झालं की अंतर्धान पावतो. तुमचा कुठे आहे, हे विचारायलाही अर्ज बरा.

पाण्याची तक्रार थेट इंजिनिअरला करण्याऐवजी बाबांनी एवढंच लिहावं: ‘अमुक तारखेच्या सातव्या स्लॅबचे क्यूब टेस्टचे रिपोर्ट सभासदांना दाखवावेत.’ प्रत्येक मोठ्या भरणीच्या वेळी त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि सात व २८ दिवसांनी दाबून फोडतात. हे ठोकळे मालाची ताकद सांगतात, वर स्लॅबवर पाणी मारलं की नाही ते त्यांना कळत नाही, कारण ते टाकीत आरामात भिजत असतात. तिथे डायरी उपयोगी पडते. रिपोर्ट आणि डायरी शेजारी ठेवून पीएमसीला प्रश्न विचारला, तर तो ‘काका, तुम्हाला काय कळतं’ असं म्हणू शकणार नाही.

फोटोंचंही बघा. दिवसाला वीस फोटो टाकले की ग्रुप म्यूट होतो, आणि खरंच महत्त्वाचा फोटो आला त्या दिवशी कुणी बघत नाही. त्यांना सांगा, शनिवारी एक फोटो. जागा तीच, कोन तोच, गच्चीच्या त्याच कोपऱ्यातून. वर्षभराने ते बावन्न फोटो ओळीने लावले की काम कुठल्या महिन्यात धावलं आणि कुठल्या महिन्यात बसलं ते कुणालाही कळेल. उद्या बिल्डरने भाडं थकवलं किंवा मुदत वाढवून मागितली, तर सोसायटीच्या वकिलाला हीच ओळ मागावी लागेल.

रोज पार्ल्याला न जाता घरबसल्या करण्याजोगंही बरंच आहे, आणि टाइमकीपर माणसाला ते आवडेल. प्रकल्पातला विक्रीचा भाग महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असणार. तिथल्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव घातलं की बिल्डरने पूर्ण करायची कोणती तारीख दिली, दर तिमाहीला किती काम झालं म्हणून कळवलं, किती फ्लॅट विकले, हे दिसतं. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, तो मोबाइलने स्कॅन केला तरी थेट त्या पानावर जाता येतं. बिल्डरने लिहिलेली प्रगती आणि बाबांचा स्लॅबचा आकडा जुळतो का, हे तिमाहीला एकदा बघावं. फक्त हे ध्यानात असू द्या, की महारेराची नोंदणी मुख्यतः नव्या खरेदीदारांचा विचार करून आहे. आपल्यासारख्या जुन्या सभासदांचा बिल्डरशी संबंध मुळात कराराचा. नव्या खरेदीदाराला कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरकडून मोफत दुरुस्त करून मिळतात. तेच कलम तुमच्या पर्यायी जागेच्या करारात लिहिलंय का, हे आजच कपाट उघडून बघा. आणि चटईक्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, कसं मोजायचं तेही. रेराच्या व्याख्येत फ्लॅटच्या आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. करारातली व्याख्या वेगळी असेल तर ताब्याच्या दिवशी टेप घेऊन भांडण्यात अर्थ नाही.

पालिकेच्या परवानग्यांचाही एक कागद त्यांना करून ठेवू द्या. मुंबईत बांधकामाच्या पहिल्या परवानगीचं नावच ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ आहे, म्हणजे नामंजुरीची सूचना! आयओडी आली म्हणून आपण पेढे वाटतो ते नामंजुरीचे. तिच्यातल्या अटी पुऱ्या झाल्या की सीसी, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, तीही सहसा आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांची. किती मजल्यांपर्यंतची सीसी हातात आहे आणि स्लॅब कितवा चाललाय, हे जुळायला हवं. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. ती नसताना ‘फक्त फर्निचरसाठी’ म्हणून चावी देऊ केली तर घेऊ नका. एकदा सगळे राहायला आले की ओसीची घाई फक्त सभासदांना उरते.

चक्कर येण्याचं मात्र वेगळं बघा. ते साइटच्या खात्यावर टाकू नका. बीपी, साखर, औषधांच्या वेळा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. उन्हाळ्यात जायचं असेल तर सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत परत, पाण्याची बाटली, टोपी आणि खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी. इथे तडजोड नको.

आता तुमच्याबद्दल. सेक्रेटरींनी फोन नवऱ्याला केला, नवऱ्याने काम तुमच्याकडे सरकवलं, आणि तुम्ही मला पत्र लिहिलंत. ‘ते तुझं ऐकतात’ हे वाक्य ऐकायला गोड असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘वाईटपणा तू घे’ असा होतो. अर्ज सभासदाच्या नावाने जायचा आहे, साइटची पाहणी शनिवारी ठेवता येते, तेव्हा बाबांबरोबर पहिल्या दोन पाहण्यांना मुलाने जावं. त्या इंजिनिअरला चहा पाजून ‘मागच्या वेळी जरा जास्त झालं’ म्हणणंही मुलालाच शोभेल. तुम्ही त्या दिवशी झोपा काढा.

आणि आईंबद्दल. तुमच्या दोन पानी पत्रात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्यात. ‘झालं की बघेन.’ बाबांचं दुःख रोज लोकलने जाऊन येतं, फोटो काढतं, भांडतं, त्यामुळे सगळ्यांना दिसतं. चौदाव्या मजल्यावर बंद दारामागे दिवसभर बसलेल्या बाईचं कुणाला दिसणार? पार्ल्याला दार उघडं असायचं, जिन्यात कुणीतरी असायचं, कोथिंबीर मागायला समोरची यायची. ती समोरची आता कुठे आहे? वसई? ठाणे? त्यांना विचारलंत का? मला बाबांपेक्षा आईंची काळजी जास्त वाटते. पांगलेल्या घरांतल्या चारपाच जणींना महिन्यातून एकदा तुमच्या भाड्याच्या घरी बोलवा, बटाटेवडे करा किंवा मागवा. साइट बघायला चला असं आईंना म्हणू नका. इमारत पाडतानाही त्या गेल्या नव्हत्या असं तुम्ही लिहिलंय. काहींना अर्धवट बघवत नाही, तो त्यांचा हक्क आहे.

पण एका गोष्टीसाठी त्यांना आताच विचारावं लागेल.

माझी आई पाच फूटही नव्हती. जुन्या घरी ओटा उंच, म्हणून ती पुढे पाट ठेवून त्यावर उभी राहायची. तीस वर्षं पोळ्या तिने त्या पाटावर उभं राहून लाटल्या. पाटाच्या मधोमध लाकूड झिजून दोन टाचांचे खळगे पडले होते. आमची इमारत पुन्हा उभी राहत होती तेव्हा माझे वडील तुमच्या बाबांसारखेच रोज साइटवर असत. सळईचा व्यास, सिमेंटचं पोतं, मोरीचा उतार, सगळं बघितलं. मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते जाळीकडे जातंय की दाराकडे हे तपासणारे ते मजल्यावरचे एकटेच होते, आणि शेजारच्या दोन फ्लॅटमध्ये ते दाराकडे गेलं. आम्ही राहायला गेलो, आईने दूध उतू घातलं, मग ओट्यापाशी उभी राहिली, हात ठेवून पाहिला आणि काही न बोलता सामानातून पाट शोधून काढला. ओटा जुन्याच उंचीचा झाला होता. मी, माझा भाऊ, वडील, कुणीही तिला विचारलं नव्हतं. इथे बिल्डरला बोल लावायची सोयच नव्हती. त्याने विचारलं होतं, वडिलांनी ‘नेहमीचा’ म्हणून सांगितलं होतं.

नेहमीचा म्हणजे साधारण ३२ ते ३४ इंच. काम करणारीच्या कोपरापासून चारसहा इंच खाली ओटा असला की खांदे दुखत नाहीत. तुमची आणि आईंची उंची सारखी नसेल तर स्वयंपाक जास्त कोण करतं आणि पुढची दहा वर्षं कोण करणार, यावर तुम्ही दोघी बोला. पोळ्यांसाठी ओट्याचा एक तुकडा दोन इंच खाली घेता येतो, कडाप्पा बसवणाऱ्याला ते अवघड नाही, फक्त आधी सांगावं लागतं. त्याच वेळी बाथरूममध्ये पकडायच्या दांड्यांची जागाही सांगा, म्हणजे फरशीमागे ती भिंत भक्कम ठेवतील. सातवा स्लॅब झालाय म्हणजे खालच्या मजल्यांवर भिंती आणि नळाच्या लायनी लवकरच सुरू होतील. तुमचा फ्लॅट पाचव्यावर आहे, म्हणजे हातात फार तर दोनतीन महिने.

तेव्हा आज रात्री टेप काढा. आईंना सरळ उभं करून कोपरापर्यंतची उंची मोजा, मग तुमची. आकडे बाबांच्या डायरीत लिहायला द्या, तारीख आणि वेळ ते घालतीलच.